डाव्या मोज्यातली पुरचुंडी

आमच्या केंटकी राज्यात दुखण्याला तीस दिवसांची मुदत आहे. त्यापुढेही दुखत असेल तर दुखणाऱ्याने डॉक्टरसमोर जातीने हजर व्हायचं, अजून दुखतंय असं सांगायचं, गोळ्या आपणच खातो हे कपात लघवी करून दाखवायचं आणि पुढच्या तीस दिवसांचं दुखणं मंजूर करून घ्यायचं. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. हा कायदा होण्याआधीची दहा वर्षं आमच्या बकलिक गावाने पाहिली आहेत. त्या वर्षांत दुखण्याच्या गोळ्यांची चटक लागून इतकी माणसं गेली, की आमच्याकडे कबर खणणाऱ्यालाच तेवढी रविवारची सुट्टी मिळत नव्हती. त्यामुळे इथे कायद्याला कुणी शिव्या देत नाही. फक्त त्यात सापडलेला माणूस कसा वळवळतो ते आम्ही सगळे मिळून पाहतो.

या खेपेला सापडला होता माझा शेजारी डेल्मर रॅटलिफ. कोळशाच्या खाणीत छताचा दगड पाठीवर घेऊन तो निवृत्त झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या दिवसाला तीन निळ्या गोळ्या लागतात. सकाळची उठायला, दुपारची बसायला आणि रात्रीची आडवं व्हायला. उभं राहण्यासाठी वेगळी गोळी निघालेली नाही. ते तो स्वतःच्या जिवावर करतो.

त्याची नात शॉना ओरेगनात राहते. देशाच्या अगदी त्या टोकाला, पार समुद्राकाठी. तिचं लग्न ठरलं आणि तिने आजोबाला फोन केला, "बाबा नाहीत, तर मला हात धरून नवऱ्यापर्यंत तुम्हीच न्यायचं." डेल्मरने क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नाक शिंकरत बसला. शॉनाचा बाप म्हणजे डेल्मरचा मुलगा रँडल. तो त्या दहा वर्षांतच गेला. शॉना तेव्हा चार वर्षांची होती. पुढे तिच्या आईने तिला उचललं आणि जिथपर्यंत रस्ता जातो तिथपर्यंत नेलं.

लग्न बुधवारी होतं. द्राक्षमळ्यातला मांडव शनिवारपेक्षा बुधवारी निम्म्या भाड्यात मिळतो. ओरेगनातली माणसं इतकी व्यवहारी असतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. डेल्मरची बायको वानेटा हिने कॅलेंडर उतरवलं. त्यावर नव्या गोळ्या मिळायच्या तारखांना ती लाल गोल करून ठेवते. बुधवारवर लाल गोल होता.

म्हणजे मंगळवारी रात्री बाटली संपणार. सोमवारी निघायचं होतं आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचं होतं. मधल्या दोन दिवसांचं काय, हा प्रश्न घेऊन डेल्मर गार्लंड टॅकेटच्या औषधांच्या दुकानात गेला. मी बरोबर होतो, कारण गाडी माझी होती.

गार्लंड आमच्याच चर्चमधला. आमच्यात सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात. त्यामुळे नाही म्हणणं सोपं जातं.

गार्लंडने चष्मा वर केला, कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि तारखेला, म्हणजे बुधवारी ये, असं सांगितलं. डेल्मर म्हणाला, बुधवारी मी ओरेगनात असेन. मग परत आल्यावर ये, गार्लंड म्हणाला. डेल्मरने त्याला लग्नाचं सांगितलं. ते गार्लंडला ठाऊक होतंच. वानेटाने ते गावात न सांगितलेलं घर शोधून काढावं लागलं असतं.

"भाऊ," गार्लंड म्हणाला, "तू मला ओळखतोस."

हे मात्र खरं होतं. कायदा झाल्यापासून गार्लंडने एक गोळी एक तास आधी कुणाला दिलेली नाही. स्वतःच्या सख्ख्या आईलासुद्धा नाही. म्हातारी जाईपर्यंत त्याचं नाव काढलं की तोंड फिरवायची. त्याआधीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा नदीकाठच्या पिवळ्या इमारतीत पैसे दिले की गोळ्यांचा कागद देणारा एक डॉक्टर बसायचा, बाहेर चार राज्यांच्या नंबरपाट्यांच्या गाड्या रांग लावायच्या आणि कागद घेऊन सगळे गार्लंडकडे यायचे. त्या वर्षांत गार्लंडने दुकानाला नवं शटर बसवलं आणि गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्या ठेवल्या. खुर्च्या अजून आहेत. त्यावर कुणी बसत नाही.

डेल्मरने ओरेगनातल्या एका दुकानाला फोन लावला. तिथली बाई फार गोड बोलली. मग तिने डॉक्टर कुठला ते विचारलं. केंटकीचा म्हटल्यावर ती इतकी गप्प झाली, की डेल्मरला वाटलं फोन कटला. त्यानंतर तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण आणि भला माणूस आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि प्रवास हा आजारात मोडत नाही असं सांगितलं.

तेव्हा डेल्मरने तो उपाय केला जो आमच्याकडे प्रत्येक जण करतो आणि कुणी कबूल करत नाही. त्याने दुपारची गोळी सोडली.

रोज दुपारी बाटलीतून एक निळी गोळी बाहेर यायची आणि डेल्मरच्या तोंडात न जाता वानेटाने पिठाच्या पिशवीच्या कापडातून शिवलेल्या पुरचुंडीत जायची. दुपार ते संध्याकाळ डेल्मर पोर्चमधल्या खुर्चीचे हात धरून रस्त्याकडे पाहत बसायचा. मी हाक मारली तर मान हलवायचा. एकदा मी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, "ओरेगनला चाललोय." खुर्ची हलली नव्हती, पण घामावरून तो डोंगर चढतोय असं वाटत होतं.

पुरचुंडी ठेवायची कुठे हा पुढचा प्रश्न होता. घरात ठेवायची सोय नाही. आमच्याकडे चोर चर्चची वेळ आणि अंत्ययात्रेची वेळ पाहून येतात. टीव्ही तसाच सोडतात आणि न्हाणीघरातलं औषधांचं कपाट रिकामं करतात. म्हणून ज्याच्याकडे गोळ्या आहेत तो त्या अंगावर घेऊन हिंडतो. बाटलीवर नाव असतं, ती शर्टाच्या खिशात चालते. पण नावाच्या बाटलीबाहेर सापडलेली गोळी म्हणजे गुन्हा. ती खिशात नको. डेल्मरने पुरचुंडी डाव्या मोज्यात, घोट्यापाशी खोचली, आणि सावधगिरी म्हणून थोडा जास्तच लंगडायला लागला.

त्या पहिल्या आठवड्यातला रविवार त्याला झेपला नाही. तो घरी राहिला, आणि पाठ चोळायला वानेटाही. दोघं चर्चला आली नाहीत एवढंच आम्ही पाहिलं. ही गोष्ट पुढे महागात पडली.

बुधवारी क्लिनिकमधून व्हर्नाचा फोन आला. उद्या पाचच्या आत बाटली घेऊन या, मोजणी आहे. ही मोजणी कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. त्यातच तिची गंमत आहे. व्हर्ना डेल्मरला लहानपणापासून ओळखते. दुसऱ्या दिवशी तिने बाटली ताटलीत ओतली आणि पाच-पाचचे गट करत सरकवू लागली. डेल्मर समोर बसला होता, आणि डावा पाय खुर्चीखाली शक्य तितका मागे घेतला होता.

"कमी भरल्या तर काय करता गं?" त्याने सहज विचारलं.

"कमी भरल्या म्हणजे विकल्या. नाव काढून टाकतो."

"आणि जास्त भरल्या तर?"

"जास्त भरल्या म्हणजे तेवढं दुखत नाही. डॉक्टर कमी करतात." तिने शेवटचा गट सरकवला. "पण तुमचं कधी कमी नाही, कधी जास्त नाही. डेल्मरकाका, तुमच्यासारखा पेशंट मिळायला पुण्य लागतं."

डेल्मर घरी आला आणि जेवला नाही. वानेटाने मला सांगितलं, पुण्याची गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नाहीये.

मग निघण्याच्या आदल्या दिवशीचा रविवार आला.

येशूने शिष्यांचे धुतले म्हणून आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा एकमेकांचे पाय धुतात. प्रभूच्या नावाची भाकर मोडून झाली की पुरुष पुरुषांच्या आणि बायका बायकांच्या समोर गुडघे टेकतात. कमरेला पांढरा टॉवेल, समोर पत्र्याचं घंगाळ. एकाने दुसऱ्याचे धुवायचे, मग दुसऱ्याने पहिल्याचे. ज्याच्याशी मनात काही खुपत असेल त्याच्यापाशी आधी जायचं, असा संकेत आहे. आणि जो पाय पुढे करत नाही, त्याच्या मनात कुणाबद्दल तरी वैर आहे असं समजतात. ते कुणाबद्दल, याची चर्चा मग पुढचं वर्षभर पुरते.

हा विधी दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असतो. या वर्षी आमचे उपदेशक बर्चेलभाऊ यांना गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख नेमकी त्याच सुमाराची मिळाली. ऑपरेशननंतर गुडघे टेकता येणार नाहीत म्हणून त्यांनी विधी एक आठवडा अलीकडे घेतला. तसं त्यांनी आदल्या रविवारी जाहीर केलं होतं, ज्या रविवारी डेल्मर पोर्चमध्ये बसून ओरेगन चढत होता. पुन्हा घरोघर कुणी सांगितलं नाही. चर्चमधली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते असं सगळ्यांना वाटतं. आणि वानेटाच्या फोनवर त्या आठवड्यात लग्नाखेरीज दुसऱ्या विषयाला जागाच नव्हती.

डेल्मर आत आला, माझ्याशेजारी बाकावर बसला, आणि मग त्याला भिंतीशी मांडलेली घंगाळं दिसली. मी माणसं घाबरलेली पाहिली आहेत, पण घंगाळाला घाबरलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला. तो हळूच उठायला लागला. पण दारात बर्चेलभाऊ उभे होते, येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारत. त्या मिठीतून कुणी बाहेर गेल्याचं कुणाला आठवत नाही. बायकांच्या बाजूला वानेटाकडे त्याने पाहिलं. तिलाही घंगाळं दिसली होती. तिने रुमाल तोंडावर धरला. बाकीच्या बायकांना वाटलं, तिला गहिवर आलाय.

भाकर झाली. एकाने गाण्याची ओळ म्हटली, बाकीच्यांनी ती लांबवत म्हटली. डेल्मरने बूट घट्ट आवळले. मला वाटलं, मी त्याच्याकडे वळावं. मला मोज्याचं ठाऊक होतं, मी पाण्याचे चार थेंब उडवून मोकळा झालो असतो. पण मी टॉवेल बांधेपर्यंत समोरून घंगाळ घेऊन गार्लंड टॅकेट चालत आला आणि डेल्मरसमोर गुडघ्यांवर बसला.

इतक्या वर्षांत तो डेल्मरकडे कधी आला नव्हता. गाणाऱ्यांच्या माना वळल्या.

डेल्मरने उजवा पाय पुढे केला. गार्लंडने तो धुतला, पुसला, आणि डाव्यासाठी हात पसरला.

"एवढा पुरे, भाऊ," डेल्मर म्हणाला.

"पाय दोन असतात, भाऊ."

"डावा स्वच्छ आहे."

गार्लंडने बुटाची नाडी सोडली, औषधाच्या बाटलीचं झाकण उघडावं तसा बूट काढला आणि मोजा खाली ओढला. पुरचुंडी घंगाळात पडली. फार मोठा आवाज नाही झाला.

गार्लंडने ती लगेच उचलली नाही. त्याने आधी डेल्मरचा पाय पाण्यात ठेवला. पुरचुंडीच्या कापडातून निळा रंग सुटत होता. पाणी हळूहळू ओरेगनच्या समुद्रासारखं, म्हणजे फोटोतल्या, दिसायला लागलं. मी शेजारी होतो. माझ्यापुढे गाणं चाललं होतं आणि कान त्या घंगाळाशी होते.

"दुपारच्या?" गार्लंडने खाली पाहत विचारलं.

"दुपारच्या."

"लग्नासाठी."

"अजून कशासाठी?"

गार्लंड घोट्यावर पाणी घालत राहिला. जिथे पुरचुंडी रुतत होती तिथे लाल वळ उठला होता. तो त्याने अंगठ्याने चोळला. मग म्हणाला, "रँडलच्या गोळ्या मी बरोबर मोजून दिल्या, डेल्मर. दर खेपेला. एवढ्या कशाला, हे मात्र कधी विचारलं नाही."

"ठाऊक आहे."

"म्हणून तुला मी—"

"तेही ठाऊक आहे. पाय पूस. पाणी गार झालंय."

गार्लंडने पाय पुसला, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. मग घंगाळ उचलून मागच्या दाराने बाहेर गेला. बाहेर खडीवर पाणी पडल्याचा आवाज आम्ही ऐकला. गोळ्या विरघळून गेल्या होत्या; त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि जे करायचं ते त्याने केलं. परत येताना त्याने पिळलेली पुरचुंडी बायकांच्या बाजूला जाऊन वानेटाच्या हातात दिली. "वहिनी, ही वाळत घाला," एवढंच म्हणाला.

"घालते की," वानेटा म्हणाली. "आता हिच्यात काय ठेवू? मीठ?"

मग पाळी डेल्मरची होती. ताजं पाणी आलं. तो गुडघ्यांवर उतरला. ते कसं उतरला ते पाहवत नव्हतं. गार्लंडच्या पायाला भोवरी आहे. दिवसभर काउंटरमागे उभा राहून होते. डेल्मरने ती हलक्या हाताने धुतली, टॉवेलने टिपली, आणि मग त्याला उठता येईना. दुपारची गोळी पोटात नव्हती, आणि सकाळची उतरली होती. तो गार्लंडच्या गुडघ्यांना धरून तसाच राहिला. गार्लंडने त्याच्या खांद्यावर हात ठेवले. त्यालाही काय करावं कळत नसावं.

बर्चेलभाऊंना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. त्यांनी रडत नवीन गाणं धरलं. सगळं चर्च रडलं. शेवटी मी आणि आणखी एकाने डेल्मरला काखेत धरून उभं केलं. त्यानंतर बायका कितीतरी दिवस म्हणत होत्या, इतका सुंदर विधी आपल्याकडे कधी झाला नव्हता.

सोमवारी मी त्यांना लेक्सिंग्टनच्या विमानतळावर सोडलं. वानेटाने बाटली पर्समध्ये स्वतःकडे घेतली होती. उरलेल्या गोळ्यांचं गणित तिने रात्री बसून केलं होतं. विमानात बसायच्या गोळ्या वगळून त्यातून काटून काटून एक गोळी निघत होती, बुधवारी सकाळची.

"ती चालायला," वानेटाने मला समजावलं. "त्यानंतर बसायचंच आहे."

पुढचं तिने मला परतीच्या वाटेवर सांगितलं. बुधवारी सकाळी तिने ती एक गोळी दिली. डेल्मरने शॉनाचा हात धरला आणि द्राक्षांच्या दोन रांगांमधून ताठ चालत तिला नवऱ्यापर्यंत नेलं. एकदाही थांबला नाही. पोहोचवलं आणि खुर्चीत बसला. मग दिवस उतरू लागला आणि गोळीही. इतक्या वर्षांची सवय लागलेलं अंग गोळी मागायला लागलं: त्याला घाम फुटला, हात थरथरू लागले, नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नवऱ्याकडची माणसं एकमेकांना सांगत होती, हा आजोबा किती हळवा आहे पाहा. कुणी तरी त्याचा फोटो काढला. शॉना नाचायला बोलवायला आली, तेव्हा त्याने बसूनच तिचे हात धरले आणि गाणं संपेपर्यंत ती त्याच्यासमोर नाचली. तिने काही विचारलं नाही. वानेटा म्हणाली, बापाचा घाम तिला आठवत असेल की नाही, देव जाणे.

गुरुवारी मी त्यांना घ्यायला गेलो. डेल्मर चाकांच्या खुर्चीत होता, गुडघे पोटाशी. विमान उशिरा आलं होतं. गार्लंडचं दुकान सहाला बंद होतं आणि आम्ही बकलिकला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. डॉक्टरने कागद आधीच पाठवून ठेवला होता, तारीखही उलटली होती. पण बंद दुकानाला तारखेचं काय. डेल्मर म्हणाला, सकाळी जाऊ. त्याचे दात वाजत होते.

मी मुख्य रस्त्याने गाडी घेतली. दुकानाच्या शटरखालून उजेड येत होता.

गार्लंड काउंटरमागे उभा होता, पांढरा कोट घालून. बाहेरची पाटी उलटी केलेली होती: बंद. त्याने आम्हाला आत घेतलं आणि शटर पुन्हा ओढलं. मी त्याच्याकडे पाहिलं असावं, कारण तो मलाच म्हणाला, "तारीख कायद्यात आहे. ती कालच झाली. दुकान कितीला बंद करायचं ते कायद्यात नाही. ते माझ्या पाटीवर आहे."

डेल्मर एका खुर्चीवर बसला. त्या खुर्च्यांपैकी एकीवर. गार्लंडने ताटलीत निळ्या गोळ्या ओतल्या आणि पाच-पाच करत सरकवल्या. मग सगळ्या परत एकत्र केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. आम्ही थांबलो. डेल्मर थरथरत थांबला. घाई कर असं कुणी म्हणालं नाही.

बाटली बंद झाली, लेबल लागलं, सही झाली. मग गार्लंडने कागदी पेल्यात पाणी आणलं, आणि पेला देताना विचारलं, "पोहोचवलीस पोरीला?"

"पोहोचवली."

"चालत?"

"चालत."

गार्लंडने मान हलवली आणि ताटली पुसायला घेतली. आधीच स्वच्छ होती.

गोळी लागायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात वानेटाने सांगितलं की शॉना आणि तिच्या नवऱ्याने नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला परत बोलावलंय. टर्की नातजावईच करणार आहे. डेल्मरला दिवाणखान्यातली मोठी खुर्ची देणार आहे. विमानाचं तिकीटही तेच काढतो म्हणतात.

डेल्मरने डोळे मिटले होते. वानेटाने बाटली दिव्याखाली धरली, चष्मा लावून लेबलवरची पुढची तारीख वाचली आणि बोटांवर दिवस मोजले. तारीख पुन्हा प्रवासातच पडत होती.

"कळवते त्यांना," ती म्हणाली. "टर्की घेऊन तुम्हीच या."